नोकरी सांभाळून नर्सिंगची पदवी: सोलापूरच्या सिस्टर-ब्रदरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट इथल्या दवाखान्यांत ड्युटी करणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर, असा क्रम आहे. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बारावी झाली आहे. घरी बसून ऑनलाइन बीएस्सी नर्सिंग करता येते का?

नाही. चार वर्षांची बेसिक बीएस्सी नर्सिंग कॉलेजात हजर राहूनच होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांत दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवता येणार नाहीत अशा विषयांची यादी आहे आणि नर्सिंग त्या यादीत आहे (नोकरीत असलेल्या नर्सची पदवी वेगळी, ती प्रश्न २ मध्ये). बेसिक पदवीला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के. ‘एका वर्षात घरबसल्या बीएस्सी नर्सिंग’ अशी जाहिरात दिसली तर फोन करायच्या भानगडीतही पडू नका. फोन केला की रोज दोन-तीन फोन उलटे येतात.

२. मग सगळे ‘ऑनलाइन डिग्री’ म्हणतात ती कोणती?

बहुतेक वेळा ती इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग असते. जीएनएम (नर्सिंग आणि मिडवाइफरीची पदविका) होऊन नोकरीत असलेल्यांसाठी हा दूरस्थ कार्यक्रम आहे आणि तो किमान तीन वर्षांचा आहे. कॉलेजात जाऊन केलेली पोस्ट बेसिक दोन वर्षांत होते. दूरस्थ पद्धतीने केलेल्या पोस्ट बेसिकपैकी भारतीय परिचर्या परिषद फक्त इग्नूची मानते. दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाचे नाव सांगितले गेले तर तिथेच थांबा.

‘ऑनलाइन’ या शब्दावर मात्र फार विसंबू नका. अर्ज, शुल्क, निकाल ऑनलाइन असतात, पुस्तके इग्नूच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर वाचता येतात, काही व्याख्याने पडद्यावर होतात. प्रात्यक्षिक वॉर्डात होते आणि लेखी परीक्षा केंद्रावर बसून पेनाने द्यायची असते. अर्ज भरण्यापूर्वी त्या सत्राच्या प्रवेशसूचनेत या कार्यक्रमाचे नाव आहे का, ते इग्नूच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

३. पात्रता काय? आर्ट्सची बारावी चालते का? एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) चालते का?

बारावीनंतर तीन वर्षांचे जीएनएम, राज्य परिचर्या परिषदेकडची आरएन आणि आरएम (परिचारिका आणि प्रसाविका म्हणून) नोंदणी, आणि नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव हवा. घोळ होतो तो ‘नोंदणीनंतर’ या शब्दावर. निकाल जूनमध्ये लागला, नोकरी जुलैत लागली आणि नोंदणी पुढच्या फेब्रुवारीत झाली, तर दोन वर्षे फेब्रुवारीपासून मोजायची. मधले सात महिने काम केलेले असले तरी ते धरले जात नाहीत.

जीएनएमला आर्ट्स, कॉमर्सची बारावीही चालत होती, त्यामुळे शाखेवरून तुम्ही अडणार नाही. केवळ एएनएम असेल तर आधी जीएनएम करावे लागेल.

४. प्रवेश परीक्षा किती कठीण असते?

प्रश्न बहुपर्यायी असतात आणि पाया जीएनएमचाच असतो. रोज वॉर्डात असलेल्याला मेडिकल-सर्जिकल जमते. मार्क जातात ते मानसोपचार आणि सामुदायिक आरोग्यात, कारण जीएनएमनंतर ती पुस्तके कोणी उघडलेली नसतात. लसीकरणाचे वेळापत्रक, प्राथमिक आरोग्य केंद्राची रचना आणि राष्ट्रीय कार्यक्रम हे तीन भाग पुन्हा वाचून जा.

५. कॉलेजला जावे लागत नाही म्हणजे अभ्यासक्रम हलका असेल ना?

हलका नाही. न्यूट्रिशन, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, सायकॉलॉजी, सोशियॉलॉजी, मातृत्व, बाल, मानसिक आणि सामुदायिक आरोग्य परिचर्या, शिवाय शिकवणे, प्रशासन, संशोधन आणि संख्याशास्त्र, असा पोस्ट बेसिकचा पसारा असतो. कॉलेजात बाई ‘उद्या टेस्ट आहे’ म्हणतात आणि आपण वाचतो. इथे म्हणणारे कोणी नाही. दहा वर्षे आयसीयूत काढलेल्या सिस्टरसुद्धा संख्याशास्त्राच्या पेपरात अडकतात. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन हे हाताने सोडवून पाहिलेले नसते, हेच त्याचे कारण.

६. आठवड्याला नेमका किती वेळ लागतो?

इग्नूच्या हिशोबाने एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वर्षाला ३६ क्रेडिट धरले तर १,०८० तास होतात. वर्षाचे ५२ आठवडे धरले तरी आठवड्याला साधारण २१ तास. यात वाचन, स्वाध्याय (असाइनमेंट) आणि प्रात्यक्षिक सगळे आले.

सहा दिवस आठ तासांची ड्युटी, घर ते दवाखाना जाणे-येणे, घरचे काम, आणि वर हे २१ तास. रोज तीन तास काढू असे ठरवणारे पहिल्या महिन्यातच मागे पडतात, कारण रोटेशन दर आठवड्याला बदलते. त्यापेक्षा महिन्याचे ड्युटी चार्ट लागले की त्याच दिवशी त्यावर अभ्यास मांडा. मॉर्निंगच्या आठवड्यात संध्याकाळी दोन तास, इव्हिनिंगच्या आठवड्यात सकाळी तीन तास, डे ऑफला पाच तास. नाइटच्या आठवड्यात अवघड काही ठेवू नका, त्याबद्दल पुढचा प्रश्न पाहा. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी वाचून काही डोक्यात शिरत नाही. त्या महिन्यात पहाटे पाच ते आठ हीच वेळ धरा.

७. नाइट ड्युटीत पुस्तक घेऊन बसले तर चालेल का?

चालणार नाही. पेशंट तुमच्या भरवशावर झोपलेला असतो, आणि पहाटे तीन-चारला वाचलेले टिकतही नाही. नाइटवरून आल्यावर आधी झोपा, दुपारी उठून चार ते सहा एवढेच करा. त्या आठवड्यात स्वाध्यायाचे स्वच्छ लेखन, आकृत्या, लॉगबुकच्या नोंदी अशी कमी डोक्याची कामे ठेवा.

८. प्रात्यक्षिक आपल्याच दवाखान्यात केलेले चालते का?

काही भाग चालतो, सगळा नाही. प्रात्यक्षिकाचे दोन तुकडे असतात. पहिला अभ्यासकेंद्रावर, समुपदेशकांसमोर. तिथे ते करून दाखवतात, मग तुम्ही करता. दुसरा स्वयंकार्य, म्हणजे तेच कौशल्य आपल्या कामाच्या ठिकाणी पुन्हा करून लॉगबुकात नोंदवणे. केंद्रावरची हजेरी चुकली तर ती स्वयंकार्याने भरून निघत नाही.

अडचण येते ती लहान नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्यांना. तिथे बाळंतपणे होतात, पण मानसोपचाराचा वॉर्ड नसतो, नवजात अतिदक्षता नसते. अशा विषयांसाठी मोठ्या रुग्णालयाची परवानगी लागते. सोलापुरात शासकीय म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, आपले सिव्हिल, किंवा अध्यापन चालणारी मोठी खासगी रुग्णालये. परवानगीचे पत्र केंद्राच्या लेटरहेडवर न्या. तुमच्या साध्या अर्जावर मेट्रन सही करणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे.

लॉगबुकात त्याच दिवशी लिहा. तारीख, वॉर्ड, निदान, काय केले, कोणाच्या देखरेखीखाली. तीन महिन्यांचे एका रात्रीत, एकाच शाईने, एकाच वळणात भरलेले लॉगबुक परीक्षकाला पहिल्या पानावरच कळते. पेशंटचे नाव लिहू नका, आद्याक्षरे पुरतात. केस पेपरचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे तर अजिबात नको.

९. अभ्यासकेंद्र सोलापुरातच मिळेल का?

मिळेलच असे गृहीत धरू नका. अर्ज भरताना केंद्रांची यादी दिसते, तीत त्या सत्रासाठी कोणते केंद्र सुरू आहे ते पाहा. पुण्यासारखे ठिकाण मिळाले तर अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पोचेपर्यंत पहिले सत्र सुरू झालेले असते, म्हणून आदल्या रात्री निघणे बरे. प्रात्यक्षिकाचे दिवस सलग असतात, तेव्हा राहण्याची सोय आधी बघा. शुल्काच्या आकड्यावर न जाता प्रवास, राहणे, झेरॉक्स आणि बिनपगारी रजा धरून तीन वर्षांचा खर्च काढा. बऱ्याच जणींना शुल्कापेक्षा हाच खर्च जड जातो.

१०. दवाखान्याची परवानगी लागते का? रजा मिळते का?

शासकीय सेवेत असाल तर अर्ज भरण्यापूर्वी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. पदवी झाल्यावर सेवापुस्तकात नोंद करायला जाल तेव्हा पहिला प्रश्न परवानगीचाच येतो. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) कंत्राटी कर्मचाऱ्यांनी करार नव्याने होण्याची तारीख बघून प्रात्यक्षिकाची रजा मागावी. त्याच आठवड्यात दोन्ही आले की घोटाळा होतो.

खासगीत तोंडी ‘हो, करा’ असे उत्तर मिळते आणि ऐन प्रात्यक्षिकात ‘स्टाफ नाही’ ऐकावे लागते. वेळापत्रक हातात आल्याबरोबर त्याची प्रत इन्चार्ज सिस्टरांना द्या आणि ड्युटी कोणाशी बदलणार ते नावासकट लिहून द्या. रिकामा अर्ज नाकारणे सोपे असते, बदली स्टाफचे नाव लिहिलेला अर्ज सहसा मंजूर होतो.

अनुभव प्रमाणपत्रावर रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, रुजू झाल्याची तारीख, पद आणि शिक्का हवा. ‘सदर सिस्टर आमच्याकडे काम करतात’ एवढ्यावर भागत नाही.

११. शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजी पेपर जमतील का?

जमतात, पण वेळ द्यावा लागतो. माध्यम इंग्रजीच आहे. शब्द तुम्हाला येतात, कारण वॉर्डात आपण ‘एडिमा’, ‘सायनोसिस’, ‘इनटेक-आउटपुट’ असेच बोलतो. अडते ते सलग वाक्य लिहिताना. त्यावर उपाय एकच, रोज एका पेशंटबद्दल दहा ओळी इंग्रजीत लिहायच्या. वाक्ये छोटी, एका वाक्यात एक गोष्ट.

प्रश्नातला पहिला शब्द नीट वाचा. ‘डिफाइन’ असेल तर दोन ओळी, ‘एन्युमरेट’ असेल तर नुसती यादी, ‘एक्सप्लेन’ असेल तर कारणासहित. यादी मागितलेली असताना चार पाने लिहिणारे शेवटचा प्रश्न सोडून येतात. तीन तासांत ७० गुण असतील तर एका गुणाला अडीच मिनिटे मिळतात, म्हणजे दहा गुणांच्या उत्तराला २५ मिनिटांच्या पुढे जायचे नाही.

१२. स्वाध्याय दुसऱ्याचे पाहून लिहिले तर काय होते?

तपासणारी व्यक्ती एकाच केंद्राचे गठ्ठे एका बैठकीत पाहते. चौघींच्या उत्तरात एकच चूक, तीही त्याच ओळीत, लगेच दिसते. बाजारात तयार स्वाध्याय मिळतात, ते गेल्या वर्षीच्या प्रश्नांचे असतात हे घेणाऱ्यांना नंतर कळते.

केअर प्लॅनमध्ये (पेशंटच्या परिचर्येच्या लेखी योजनेत) तर नक्कल हमखास उघडी पडते. क्रम ठरलेला आहे: तपासणी, परिचर्या निदान, उद्दिष्ट, कृती, मूल्यमापन. नेहमीची चूक म्हणजे परिचर्या निदानाच्या जागी डॉक्टरांचे निदान लिहिणे. ‘न्यूमोनिया’ हे डॉक्टरांचे निदान. ‘कफ साठल्यामुळे श्वासमार्ग मोकळा न राहणे’ हे आपले. दुसरी चूक, उद्दिष्टाला वेळ आणि मोजमाप नसणे. ‘पेशंटला बरे वाटेल’ असे लिहिलेले तपासायचे कसे? ‘२४ तासांत श्वसनाचा वेग मिनिटाला २० पर्यंत येईल’ असे लिहा.

१३. औषधांची गणिते येतात का? कॅल्क्युलेटर चालतो का?

येतात, आणि कॅल्क्युलेटर मिळेल असे धरू नका. सूत्रे दोनच आहेत.

मात्रा: हवी असलेली मात्रा भागिले ॲम्पुलमधली मात्रा, गुणिले ॲम्पुलमधले मिलिलिटर. ६० मिलिग्रॅम द्यायचे आणि २ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम असेल, तर ६० भागिले ८०, गुणिले २, म्हणजे १.५ मिलिलिटर.

ड्रिप: एकूण मिलिलिटर गुणिले सेटचा ड्रॉप फॅक्टर (एका मिलिलिटरचे थेंब), भागिले एकूण मिनिटे. १,००० मिलिलिटर ८ तासांत, सेट २० थेंबांचा. २०,००० भागिले ४८० म्हणजे ४१.७, मिनिटाला ४२ थेंब. मायक्रो सेट ६० थेंबांचा असतो, म्हणून त्यात तासाचे मिलिलिटर आणि मिनिटाचे थेंब सारखेच येतात. चूक होते ती तासांची मिनिटे करायला विसरल्याने. उत्तर आले की ‘एवढे थेंब मी वॉर्डात कधी सोडले आहेत का’ असे स्वतःला विचारून पाहा.

१४. लॅपटॉप घ्यावाच लागेल का?

नाही. मोबाइलवर अर्ज, स्कॅन, व्याख्याने होतात. संशोधन प्रकल्पाच्या टंकलेखनासाठी महिनाभर उसना मिळाला तरी पुरे. पुस्तके आधीच उतरवून ठेवा, वीज गेली की नेट जाते. शेवटच्या तारखेच्या रात्री फॉर्म भरू नका.

१५. जूनची सत्रान्त परीक्षा आणि वारीची ड्युटी एकत्र आली तर?

सोलापूर जिल्ह्यात हे होणारच. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरच्या असतात, आणि जूनची परीक्षा लांबत जुलैत गेली की आषाढीच्या बंदोबस्तात सापडते. पंढरपूर आणि पालखी मार्गावरच्या पथकांत आरोग्य कर्मचारी लागतात, रजा बंद होतात. वेळापत्रक जाहीर होताच हॉलतिकिटाची वाट न पाहता त्याची प्रत जोडून वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि एकादशीच्या आधीच्या किंवा नंतरच्या पथकात नाव मागा. नाहीच जमले तर तो पेपर डिसेंबरला ठेवा. एका पेपरासाठी नोकरीत शेरा ओढवून घेण्यासारखे काही नाही. मात्र फॉर्म भरताना पेपर निवडून भरा, सगळे भरून गैरहजर राहिलात तर शुल्क वाया जाते.

१६. सामुदायिक आरोग्याचा प्रकल्प कुठे करावा?

सोलापुरात विषयांची वाण नाही. पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांचा तंबाखूच्या धुळीशी येणारा संबंध, यंत्रमागावर काम करणाऱ्यांचा खोकला आणि कानावर होणारा परिणाम, कुंभारीच्या गोदूताई वसाहतीतले रक्तक्षयाचे प्रमाण. विषय छोटा ठेवा. ‘सोलापुरातील महिलांचे आरोग्य’ हा प्रकल्पाचा विषय होत नाही. ‘अमुक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील विडी वळणाऱ्या ४० महिलांचे हिमोग्लोबिन आणि लोहगोळ्यांचे सेवन’ हा होतो.

इथे घराघरांत तेलुगू आणि कन्नड बोलतात. प्रश्नावली मराठीत छापून ती तोंडी तेलुगूत विचारली, तर प्रत्येक घरात प्रश्न थोडा बदलतो आणि आकडे निरुपयोगी होतात. भाषांतर आधी लिहून घ्या, आशाताईंपैकी भाषा येणारी एक सोबत घ्या आणि पाच घरांत चाचणी करा. आरोग्य केंद्राची परवानगी आणि प्रत्येकीची संमती घेतल्याशिवाय सुरुवात करू नका. रक्त काढणार असाल तर नैतिकता समितीची परवानगीही लागते.

१७. क्लिनिकलला (वॉर्डातल्या प्रात्यक्षिकाला) जाण्यापूर्वी कोणते लसीकरण लागते?

हिपॅटायटिस बी, तीन डोस: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. म्हणून प्रवेश निश्चित व्हायची वाट न पाहता सुरू करा. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा, १० mIU/ml किंवा त्याहून जास्त आली की संरक्षण मिळाले. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, बोट दाबून रक्त काढू नका, लगेच कळवा. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते.

१८. मध्येच बाळंतपण आले तर वर्ष बुडते का?

पूर्ण केलेले पेपर बुडत नाहीत. कार्यक्रमाला किमान मुदतीपुढे जादा मुदत असते, तेवढ्यात संपवता येते. लेखी पेपर त्या काळात देता येतात, प्रात्यक्षिक पुढच्या तुकडीबरोबर करावे लागते. सहाव्या महिन्यानंतर सलग उभे राहण्याच्या पोस्टिंग धरू नका, आणि रेडिएशन किंवा केमोथेरपी चालते अशा ठिकाणी जाणार असाल तर केंद्राला आधीच लेखी कळवा.

१९. जीएनएम विजयपूर किंवा कलबुर्गीला झाले. नोकरी सोलापुरात. काय करू?

सीमेवरच्या गावांतून हा प्रश्न सतत येतो. आधी कर्नाटक परिषदेकडची मूळ नोंदणी, मग तिथले ना हरकत प्रमाणपत्र, मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी, असा क्रम आहे. पत्रव्यवहारात महिने जातात, म्हणून अर्जाच्या वर्षाआधीच सुरू करा. महाराष्ट्रात काम करताना इथली नोंदणी नसेल तर त्या काळाचा अनुभव दाखवताना अडचण येते (प्रश्न ३). भारतीय परिषदेच्या नर्सेस नोंदणी प्रणालीतला एनयूआयडी क्रमांकही काढून ठेवा, राज्य बदलले तरी तो तोच राहतो.

२०. ब्रदर आहे, जीएनएममध्ये मिडवाइफरी नव्हती. अर्ज चालेल का?

चालेल, पण मिडवाइफरीऐवजी भारतीय परिषदेने ठरवलेला सहा ते नऊ महिन्यांचा दुसरा नर्सिंग कोर्स केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर आधी ते करा.

२१. या पदवीवर एमएस्सी करता येते का? अमेरिकेला जाता येते का?

एमएस्सी नर्सिंगला पोस्ट बेसिक चालते. ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव हवा, तो पोस्ट बेसिकच्या आधीचा असला तरी धरतात. काठावर पास होणाऱ्यांचे इथेच नुकसान होते, म्हणून पहिल्या वर्षापासून टक्केवारीकडे पाहा. पदवी हातात आली की राज्य परिषदेकडे वाढीव शैक्षणिक पात्रतेची नोंद करा.

अमेरिकेत नोकरीसाठी एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा लागते. तिथले राज्य मंडळ तुमच्या मूळ शिक्षणातले मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बाल आणि मानसोपचार या विषयांचे थिअरी आणि क्लिनिकल तास तपासते. त्यामुळे जीएनएमची तासांसहित गुणपत्रके जपा. तिथल्या विद्यापीठांच्या ऑनलाइन ‘आरएन टू बीएसएन’ (नोंदणीकृत नर्सला पदवी देणाऱ्या) कार्यक्रमांना बहुधा अमेरिकेचाच चालू परवाना लागतो, सोलापुरात बसून आपल्या नोंदणीवर तिथे प्रवेश मिळत नाही.

२२. जीएनएम माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. अर्ज नाकारतील का?

कागद जुळले नाहीत तर अडतो, आणि तोही नेमका पडताळणीच्या दिवशी. सोपा मार्ग म्हणजे अर्ज दहावी-बारावी, जीएनएम आणि परिषद नोंदणीवर जे नाव आहे त्याच नावाने भरायचा आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडायचे. नाव कायमचे बदलायचे असेल तर राजपत्रात प्रसिद्धी, मग परिषदेच्या नोंदणीत बदल, मग अर्ज, हाच क्रम. अर्ज भरून झाल्यावर मधेच नाव बदलू नका, गुणपत्रिका एका नावाची आणि पदवी दुसऱ्या नावाची निघते आणि ते दुरुस्त करायला पुन्हा विद्यापीठाच्या फेऱ्या. वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावातले एक अक्षर वेगळे असेल तर बहुधा प्रतिज्ञापत्रावर काम होते.